दिल्लीतली येळवस

२८ नोव्हेंबर, लातूर

बॅगा भरून दारात ठेवल्या आहेत. स्वेटर सगळ्यात वर, कारण अंबरीश रोज फोनवर दिल्लीच्या थंडीची भीती घालतो. आईबाबा थंडीनं आजारी पडतील, हीच त्याची मोठी काळजी. आमचं खरं दुखणं वेगळंच आहे आणि त्याबद्दल फोनवर कुणी बोलत नाही.

दिवाळी उरकली आणि बापूसाहेबांना झटका आला. उजव्या हातातला जोर गेला, पाऊल जरा ओढतात, पण हिंडताफिरता येतं. समजतं तर सगळंच. फक्त शब्द येत नाहीत. ओठ हलतात, गळ्याशी काहीतरी घुटमळतं आणि तिथंच राहतं. इथल्या डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं, की बोलणं यायचं असेल तर पहिल्या काही महिन्यांत येईल, पुढचा भरवसा नाही. वकिली करताना ज्यांचा आवाज कोर्टाच्या व्हरांड्यापर्यंत जायचा, त्यांना आज पाणी मागता येत नाही. दिल्लीला बोलणं परत आणणाऱ्या कुणी मॅडम आहेत, अंबरीशनं त्यांची वेळ घेतली आहे. म्हणून ही यात्रा.

कोर्टात ते बोलायचे आणि घरात मी, अशी आमची इतक्या वर्षांची वाटणी. आता दोन्हीकडचं मीच बघते. त्यांनी नुसती मान वळवली तरी काय हवंय ते मला कळतं. शाळेत मराठी शिकवून घसा कमावलाय, तो आता कामी येतो आहे.

संध्याकाळी शेषेराव आणि केवळाबाई भेटायला आले. औशाकडचं आमचं रान ही दोघं करतात. शेषेराव खुर्ची ओढून अगदी त्यांच्या समोर बसला.

"मालक, कसं वाटायलंय आता?"

"बरंय त्यांना," मी म्हटलं. "जेवण होतंय, झोप लागतेय."

शेषेराव तरी त्यांच्याकडंच बघत बसला, मी काही बोललेच नाही असं. मग मी पुन्हा सांगितलं. केवळाबाई निघताना म्हणाली, "काकू, येळवशीच्या आत या बरं. कडब्याची कोप मी घालतेच, पर मालकाबिगर रान लई सुनं दिसंल." मी बघू म्हटलं. मार्गशीर्षातल्या त्या अवसेच्या सणापर्यंत परतणं जमेल असं वाटत नाही.

३० नोव्हेंबर, गाडीत

काल नांदेडला मुक्काम केला. गुरुद्वाऱ्यात माथा टेकला, लंगरमध्ये पंगतीला बसलो. वाढणाऱ्यानं बापूसाहेबांना विचारलं, "और दाल?" मी म्हटलं, बस झालं त्यांना. नंतर बघते तर ते वाटी बोटानं निपटून चाटत होते. भूक लागली असावी.

गाडीत समोरचे सरदारजी त्यांना गाव विचारत होते, काम विचारत होते. मी सगळं सांगितलं. सरदारजी चांगले होते, झाशीपर्यंत माझंच ऐकत आले.

३ डिसेंबर, दिल्ली

मॅडमकडे गेलो. साध्या बाई आहेत, केस पांढरे, आवाज हळू. सोबत भार्गवी होती. आमची ही सून दिल्लीतच वाढलेली, त्यामुळे इथली हिंदी तिला येते. माझी हिंदी म्हणजे निजामाच्या राज्यातली उरलीसुरली. मी म्हटलं, "हमारे साहब को सब समजता, फकत बोलने को नै आता." मॅडम हसल्या, पण वाईट हसल्या नाहीत.

त्यांनी बापूसाहेबांना विचारलं, "आपका नाम?"

"बापूसाहेब," मी सांगितलं.

"माताजी, आपसे नहीं पूछा."

मला राग आला. ज्यांना बोलता येत नाही त्यांना कशाला छळायचं? भार्गवीनं बाहेर आल्यावर समजावलं. "आई, त्या म्हणतात, विचारलं की थांबायचं. त्यांना वेळ द्यायचा." मी थांबतेच की. थांबून थांबून माणूस किती थांबणार.

५ डिसेंबर

आज जे बघितलं ते लिहायला शब्द अपुरे आहेत, आणि हे मी लिहिते आहे म्हणजे खरंच अपुरे आहेत.

मॅडमकडून सुटलो की संध्याकाळपर्यंत घरी कुणी नसतं. भार्गवीनं आम्हाला तिच्या ऑफिसजवळच्या एका मोठ्या इमारतीशी उतरवलं. साऱ्या देशाच्या कलाकुसरीचं सरकारी प्रदर्शन आहे, बसायला जागा आहे, आत ऊब आहे, मी सहाला घ्यायला येते, असं सांगून गेली. मी तिकिटाची खिडकी शोधायला लागले. सापडेना. दारातल्या खाकी स्वेटरवाल्या बाईंना विचारलं तर म्हणाल्या, "टिकट नहीं है माताजी, सब फ्री है."

फुकट म्हटलं की मला आधी शंका येते. लातुरात फुकट तपासणीचं शिबिर लागलं की शेवटी चष्मा गळ्यात मारतात. मी म्हटलं, "इतना बडा दालान फुकट कैसा क्या?" बाई म्हणाल्या, "आपका ही तो है." चपला काढाव्यात की काय असा मला प्रश्न पडला होता, पण कुणी काढत नव्हतं.

आत पाऊल टाकलं आणि समोर रथ. दक्षिणेतल्या कुठल्याशा देवळाचा, अख्खा लाकडी, छत तीन मजले वर आणि त्याचा कळस त्या छताला टेकायला आलेला. चाकच बापूसाहेबांच्या डोक्याच्या वर. आणि चाकापासून कळसापर्यंत बोटभर जागा कोरल्यावाचून सोडलेली नाही. हत्ती, घोडे, माकडं, नाचणाऱ्या बाया, एका कोपऱ्यात एक म्हातारा नुसता पाठ खाजवतो आहे. देवाच्या रथावर पाठ खाजवणारा म्हातारा कोरायची हिंमत ज्यानं केली, त्याला मी मनातल्या मनात नमस्कार केला. कोण होता, कुठला होता, खाली नाव नाही. किती पिढ्या या लाकडासमोर दोर धरून उभ्या राहिल्या असतील.

बापूसाहेब चाकापाशी उभे राहिले ते हलेनातच. डावा हात उचलून लाकडापासून वीतभर अंतरावर धरला होता, हात लावू नका अशी पाटी होती म्हणून. मी पाटीवरची सगळी माहिती त्यांना मोठ्यानं वाचून दाखवली. हिंदी होती, मराठी करून सांगितली. वाचून मान वर केली तर ते तिथं नाहीत.

ज्यांना स्वतःचं नाव सांगता येत नाही ते एवढ्या मोठ्या दिल्लीत हरवले तर? मातीच्या घोड्यांच्या दालनातून पळाले, मुखवट्यांच्या दालनातून पळाले, आणि शेवटी ते सापडले एका गोल, अंधाऱ्या खोलीत. बाकावर बसले होते. आत भिंतींमधून माणसांचे आवाज येत होते. मला एवढी धाप लागली होती की काय ऐकू येतंय याच्याकडं लक्षच नव्हतं. हात धरून बाहेर काढलं. निघायला तयार नव्हते. आत ऊब जास्त होती, म्हणून असेल.

९ डिसेंबर

मॅडमनी अभ्यास दिला आहे. आपल्या भाषेतलं नेहमीचं काहीतरी अर्धं म्हणायचं आणि उरलेलं त्यांना म्हणू द्यायचं. मी म्हटलं, म्हणींपेक्षा चांगलं काय असणार, जन्म गेला माझा म्हणी शिकवण्यात. रात्रीच्या जेवणाआधी समोर बसवलं.

"अति तिथं?" मी म्हटलं.

ते बघत राहिले. ओठ हलले. चेहरा लाल झाला. मला ते बघवेना.

"माती," मी म्हटलं. "अति तिथं माती. सोपं होतं. आता दुसरी. नाचता येईना?"

पुन्हा तसंच. शेवटी अंगण वाकडं हेही मलाच म्हणावं लागलं. अशा सात-आठ म्हणी झाल्या. माझी उजळणी झाली, त्यांचा काही फायदा झाला नाही. ते उठून खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. भार्गवी सगळं बघत होती. काहीतरी बोलणार होती, मग ताटं घ्यायला गेली. सून गुणी आहे, पण मनात असलेलं बोलत नाही.

१२ डिसेंबर

या प्रदर्शनात आम्ही आता रोजचेच झालो आहोत. फुकट ते पौष्टिक. दारातल्या बाईंचं नाव सुकन्या आहे, तेही कळलं. आज बापूसाहेब दारातून थेट त्या गोल खोलीकडे निघाले, तेव्हा मीही म्हटलं, बघू तरी यांना तिथं काय सापडलंय ते. जाऊन शेजारी बसले.

ते हाकांचं दालन आहे. देशभरातल्या माणसांनी एकमेकांना घातलेल्या हाका जमवून तिथं ठेवल्या आहेत. अंधारात आपण बसायचं. मग एका बाजूनं नावाड्याची हाक येते, नदीच्या पलीकडच्या काठावरच्या कुणासाठी. पाण्याचा आवाजही मागं ऐकू येतो. ती विरते. थोडा वेळ काहीच नाही. मग दुसऱ्या बाजूनं एक बाई डोंगरावरून शेळ्या बोलावते. पुन्हा शांत. जाळं ओढणारे कोळी. भर बाजारात मीठ विकणारी म्हातारी. पाखरं हाकलणारा कुणी. जेवायला ये म्हणून पोराला बोलावणारी आई, तिची भाषा कुठली कळली नाही, पण ताट वाढलंय आणि ती चिडली आहे हे कळलं. माझे डोळे भरून आले. ही माणसं कुठल्या कुठं, आणि सगळी माझ्या कानाशी येऊन बोलावताहेत. एवढा मोठा देश, आणि मी लातूर नि नांदेड सोडून काय पाहिलं होतं?

दोन हाकांच्या मधे बरीच जागा सोडली आहे. मला वाटलं यंत्र बिघडलंय, म्हणून सुकन्याबाईंना सांगायला गेले. त्या म्हणाल्या, मुद्दाम आहे. पलीकडच्याला ओ द्यायला वेळ नको का?

परत आले तर बापूसाहेब डोळे मिटून बसले होते आणि त्यांचे ओठ हलत होते. मी विचारलं, पाणी हवंय का? त्यांनी डोळे उघडून माझ्याकडं नुसतं पाहिलं. मी पाणी दिलं. प्यायले नाहीत.

१५ डिसेंबर

कुणाला सांगता येत नाही म्हणून इथं लिहिते. मला भीती वाटते. मॅडम धीर देतात, पण त्यांच्या चेहऱ्यावर मला काही दिसत नाही. हा माणूस मुकाच राहिला तर? शिकवताना चाळीस पोरींच्या गोंगाटात मी आरामात बसायचे, पण या घरातली शांतता मला सोसत नाही. ती भरून काढायला मी दिवसभर बोलते. भाजीवाल्याचं, शेजारणीचं, जे सुचेल ते. संध्याकाळी जबडा दुखतो.

१८ डिसेंबर

उद्या येळवस. लातूर सोडून कुठं येळवस केल्याचं मला आठवत नाही. सकाळपासून मन लागेना. भार्गवीनं विचारलं, ते काय असतं आई? तेव्हा तिला सगळं सांगितलं. मार्गशीर्षातली अवस. त्या दिवशी आमच्याकडं गावात चिटपाखरू राहत नाही, सगळे रानात. कडब्याची कोप घालायची, आत पाच दगड चुन्यानं रंगवून पांडव मांडायचे, कोपीवर शालू पांघरायचा. जेवण रानातच, छपराखाली नाही. आणि वाटेनं जो कुणी जाईल, ओळखीचा असो नसो, त्याला जेवल्याशिवाय पुढं सोडायचं नाही.

"आणि मग?"

"मग पुरुषमाणसं आंबिलीचं मडकं घेऊन पिकातून फिरतात. शिंपडत शिंपडत. पुढचा ओरडतो ओलगे, ओलगे, मागचे ओ देतात."

"म्हणजे काय?"

"कानडी मुलखातून आलंय म्हणतात. अर्थ कुणालाच धड सांगता येत नाही. आपण म्हणायचं."

भार्गवी म्हणाली, इथंच करू या. मी म्हटलं, सातव्या मजल्यावर कसलं रान? ती म्हणाली, प्रदर्शनाचं हिरवळीचं मैदान आहे की, लोक तिथं डबे खातात. मी हो म्हटलं, पण मला ते फारसं पटलं नव्हतं. तिनं मोबाइलवर ज्वारीचं पीठ मागवलं तर पंधरा मिनिटांत दारात. इथल्या बाजारात सोललेला ओला हरभरा मिळतो, वाटाणा आहे, मेथी आहे. तुरीचे दाणे मात्र नाहीत आणि चुकाही नाही. येळवशीची भज्जी म्हणजे ओले दाणे आणि पालेभाज्या एकत्र शिजवायच्या, चुक्याशिवाय ती तडजोडच. केवळाबाईनं पाहिली असती तर तोंड वाकडं केलं असतं.

१९ डिसेंबर

दिवसभरात एवढं झालं की कुठून सुरू करू कळत नाही. तरी सगळं क्रमानं लिहिते.

पहाटे उठून भज्जी शिजवली, बाजरीचे उंडे उकडले, खीर केली, आंबील एका स्टीलच्या कळशीत भरली. अंबरीशला सुट्टी मिळाली नाही. भार्गवीनं अर्धा दिवस काढला. बापूसाहेबांनी सकाळीच, कुणी न सांगता, डाव्या हातानं ओढून ओढून बॅगेतून धोतर काढलं. नेसायला मीच मदत केली, तेवढं मात्र लागलं.

मैदानात एका कडुनिंबाखाली जागा धरली. खालच्या फांदीवर भार्गवीची हिरवी शाल टाकली, ती कोप. आता पांडव पाहिजेत. घरून दगड आणायचे मी विसरले. नशीब बघा, जवळच अंगणात पांढऱ्या गुळगुळीत गोट्यांची लांबच लांब रास पडलेली. बागेचे दगड असतील असं समजून मी पाच निवडून आणले. खायच्या चुन्याची डबी फोडून त्यांना बोटं ओढली, हळदकुंकू लावलं, शालीखाली मांडले. मन प्रसन्न झालं.

एवढ्यात सुकन्याबाई धावत आल्या. "माताजी, ये क्या किया. ये पत्थर तो प्रदर्शनी है."

ती रास म्हणजे आटलेली नदी होती म्हणे. कुणा कलाकार बाईंनी एकेक दगड लांबून आणून, जागा ठरवून मांडला होता. मी त्या नदीतून पाच पांडव उचलून आणले होते. मग लाज झाकायला म्हटलं, "हमारे यहां पत्थर पडा दिखा की हम देव बनाते." भार्गवी खाली बघून हसत होती. सुकन्याबाईंनी वरच्या साहेबांना बोलावणं धाडलं.

साहेब म्हणजे एक तरुण अधिकारी बाई निघाल्या. आल्या तशा कपाळाला आठ्या. पण तोवर आमच्याभोवती माणसं जमली होती. शाळेच्या सहलीची पोरं, कॅमेरे घेतलेलं एक गोरं जोडपं, हरियाणाकडचं एक कुटुंब. त्यांना वाटलं हाही प्रदर्शनाचाच भाग. एक बाई मला विचारते, "ये कौन से स्टेट का है? कितने बजे तक चलेगा?" मी म्हटलं, "लातूर का है. बैठो, पहले जेवो." येळवशीला वाटेवरचा माणूस उपाशी जाऊ द्यायचा नसतो, मग तो चौकशी करायला आलेला अधिकारी का असेना. बापूसाहेब उठून उभे राहिले होते आणि येणाऱ्या प्रत्येकाला डाव्या हातानं बसायची खूण करत होते. मान वाकवून, हसून, रानात करायचे तसं. त्या अधिकारी बाईंनाही त्यांनी तशीच खूण केली. त्या उभ्या राहिल्या, शालीखालच्या दगडांकडं बघितलं, मग सँडल काढून गवतावर बसल्या. म्हणाल्या, शाम को धो देना.

एकेक घास भज्जी आणि कागदी कपात घोट घोट आंबील, एवढंच प्रत्येकाच्या वाट्याला आलं. सुकन्याबाईंनी दोनदा मागून घेतली.

मग आंबील शिंपडायची वेळ आली. हे काम त्यांचं. दरवर्षी कळशी खांद्यावर घेऊन तेच पुढं असायचे आणि त्यांची हाक तीन रानं पलीकडं जायची. आज त्यांनी डाव्या हातानं कळशी उचलली, ती कलंडली, थोडी आंबील धोतरावर सांडली. ते तिच्याकडं बघत राहिले. माझ्यानं राहवेना. मी कळशी घेतली, निंबाची डहाळी तोडली आणि निघाले. बाईमाणसानं हे करायचं नसतं आमच्याकडं. आजवर मी कोपीत बसून फक्त ऐकलं होतं.

झाडाभोवती शिंपडत चार पावलं गेले आणि ओरडले, "ओलगे, ओलगे."

आणि थांबले. कारण पुढचं माझं नव्हतं. हाक घालणाऱ्यानं पुढचं म्हणायचंच नसतं, ते मागच्यांनी म्हणायचं. आपल्याच हाकेला आपणच ओ द्यायची नाही. पण मागं होतं कोण? भार्गवीला येत नाही. बाकीची माणसं परमुलखातली. शब्द माझ्या जिभेवर आला होता आणि मला तो गिळून नुसतं उभं राहावं लागलं. किती वेळ गेला कोण जाणे. पोरांची कुजबुज थांबली. कळशी धरून मी झाडाच्या बुंध्याकडं बघत होते.

मागून आवाज आला, "सालम पोलगे."

घोगरा, धूळ बसलेला, पण त्यांचाच. मी मागं वळून पाहिलं नाही. वळले तर मोडेल असं वाटलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते तसंच वाहू दिलं आणि पुढं चालले.

"ओलगे, ओलगे."

"सालम पोलगे." या वेळी मोकळा. पाय ओढत माझ्या मागून येत होते, पाऊल गवतावर घासल्याचं मला ऐकू येत होतं. तिसऱ्या खेपेला सहलीच्या पोरांनीही त्यांच्यासोबत ओ दिली. त्यांना काय कळलं देव जाणे, पण काय तो आवाज उठला. मला इतक्या वर्षांत रानातसुद्धा असं झालं नव्हतं. आभाळ खाली आल्यासारखं वाटत होतं.

संध्याकाळी पाची दगड नळाखाली धुतले. मी धुवायचे, ते रुमालानं पुसायचे. नदीत परत ठेवताना कुठला कुठं होता ते आठवेना, अधिकारी बाई म्हणाल्या, राहू द्या, आमच्याकडं फोटो आहे.

गाडीत मी विचारलं, "कसं वाटलं?" ओठ हलले, काही आलं नाही. मी पुढचं काही म्हटलं नाही.

२० डिसेंबर

मॅडमना सांगितलं तर त्या खुर्चीतून उठल्याच. म्हणाल्या, मनात खोल मुरलेले शब्द निराळ्या वाटेनं येतात, आता त्याच वाटेनं बाकीचे आणायचे. मग मला विचारलं, तुम्ही नेमकं काय केलंत?

"कुछ नै," मी म्हटलं. "चूप बैठी."

त्यांनी माझा हात दाबला. मला सगळं लख्ख कळलं. मी गप्प राहिले की ते बोलतात. आजपासून तोंडाला कुलूप.

२२ डिसेंबर

कुलूप पाळते आहे. अंबरीशनं दोनदा विचारलं, आई, बरं नाही का? भार्गवीनं कपाळाला हात लावून ताप बघितला. जेवताना घरात नुसता ताटांचा आवाज.

शेषेरावचा फोन आला. मी न बोलता फोन बापूसाहेबांच्या कानाला लावला आणि स्वयंपाकघरात गेले. शेषेराव मोठ्यानं बोलतो, मला तिथवर ऐकू येत होतं. "मालक, औंदा ओलगे म्याच म्हनलो. तुमच्यावानी न्हाई जमलं. ज्वारी कमरंला लागली हाय. ऐकायलाव न्हवं?"

बराच वेळ काही नाही. शेषेरावही थांबला.

"हाव," ते म्हणाले.

मी ओट्याला धरून उभी राहिले. शेषेरावला पहिल्यापासून जे येत होतं ते मला आत्ता येतंय. असो, आलं तर खरं. ते मात्र फोन ठेवून बराच वेळ माझ्याकडं बघत होते, चेहरा उतरलेला. थकले असतील.

२४ डिसेंबर

मॅडमनी सुट्ट्यांपुरतं घरी पाठवलं आहे. उद्याची गाडी, पुन्हा नांदेड, मग लातूर. आज शेवटचं म्हणून प्रदर्शनात गेलो. वरचा मजला बघायचा राहिला होता.

वर कापडाचं दालन आहे. आत गेलं आणि पाय थबकले. छतापासून जमिनीपर्यंत कापडं सोडलेली, रांगच्या रांग, त्यांच्यामधून वाट. एक मलमल अशी की पलीकडचा माणूस दिसत होता. एक जरीचा पडदा, संपूर्ण, भिंतीएवढा. काळ्या कांबळीवर लाल धाग्याचे डोंगर. एका बाजूला फाटक्या लुगड्यांची शिवलेली वाकळ, तीही त्याच मानानं, त्याच उजेडात टांगलेली. किती बायकांचे डोळे गेले असतील या टाक्यांत. पंख्याचा वारा आला की सगळं दालन हलायचं, हळूच, श्वास घेतल्यागत. माझ्या मनात एवढं येत होतं, एवढं येत होतं की काही विचारू नका. मी ओठ घट्ट मिटून चालत होते.

वाकळीपाशी ते थांबले. माझ्या पदराला धरून मलाही थांबवलं. मी वळले. त्यांचे ओठ हलायला लागले. मी वाट बघितली. एक बाई आमच्या मधून वाट काढून गेली. मी वाट बघितली. गळ्याची शीर ताठ झाली, डोळ्यांत पाणी आलं, तरी मी काही म्हटलं नाही.

"तू," ते म्हणाले.

मी थांबले.

"तू... बोल."

मला समजेना. मी म्हटलं, "काय बोलू?"

त्यांनी डावा हात उचलून वाकळीकडं, मलमलीकडं, सगळ्या दालनाकडं फिरवला आणि पुन्हा माझ्याकडं आणला. "बोल ना. घर... सुनं... झालं."

मी पदरानं डोळे पुसले. मग वाकळीखालची पाटी वाचली, ती चुकीची आहे हे सांगितलं, माझ्या आजीच्या वाकळीचं सांगितलं, मागून कसा टाका दिसू द्यायचा नसतो ते सांगितलं. सुकन्याबाई दिवे मालवायला येईपर्यंत बोलत होते. मधेमधे थांबत होते.